कराडच्या घराचा कंट्रोलर : कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२४, शनिवार. कराड

पाडव्याला यायला जमलं नाही, म्हणून या शनिवारी आलो. पहाटे पाच-वीसला जाग आली ती बाबांच्या चपलांच्या आवाजाने. नळाला साडेपाचला पाणी येतं. खालची टाकी भरत आली की मोटार लावायची, मग गच्चीवर जाऊन झाकण उचलून वरची टाकी बघायची, मग खाली येऊन मोटार बंद करायची. बाबा त्र्याहत्तरचे. गच्चीचा जिना बाहेरून, लोखंडी, पावसाळ्यात शेवाळ धरतो. गेल्या जुलैत त्यांचा पाय घसरला होता. आईने ते मला दिवाळीत सांगितलं.

तर काम एवढंच: मोटार आपोआप लागली पाहिजे आणि बंद झाली पाहिजे. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत मात्र चौदा कलमं झाली. जिन्यातला दिवा, फाटकाचा दिवा, ओट्यावरचा दिवा, खालच्या टाकीत किती पाणी उरलं ते मोबाईलवर, वगैरे. आईची यादी एका कलमाची: "काय करायचं ते कर, पण बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे. तुझ्या मोबाईलला विचारून नाही." हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मापं घेतली. खालची टाकी ३००० लिटर, वरची १०००. मोटार १ एचपीची मोनोब्लॉक, सिंगल फेज, चालू असताना क्लॅम्प मीटरवर ५.८ अँपिअर. रिकामी टाकी भरायला २४ मिनिटं. वरच्या टाकीपासून मीटरच्या कोपऱ्यापर्यंत केबल १४ मीटर.

१४ एप्रिल, रविवार. कराड

चौकात जयंतीचे स्पीकर लागलेले, त्यामुळे वायरमन काकांशी सगळी चर्चा ओरडून झाली. त्यांचं म्हणणं सरळ: "तयार लेव्हल कंट्रोलर मिळतो, दोन तासांत लावून देतो." त्यात चूक काहीच नाही. मी कारणं सांगत बसलो, की त्याच्या टाकीत सोडलेल्या सळयांवर क्षार धरतात, डीसीवर चालणारा असेल तर एक सळई झिजत जाते, बिघाड झाला तर मला पुण्यात कळणार नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुला करायचंय." हो, मला करायचंय.

२७ एप्रिल, शनिवार. पुणे

सकाळी तपकीर गल्ली. नेहमीप्रमाणे गाडी लावायला अर्धा तास, खरेदीला दहा मिनिटं. घरी येऊन टेबलावर कंट्रोलरच्या जागेचे उमेदवार मांडले.

आर्डुइनो उनो, प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड, कॉलेजपासून ड्रॉवरमध्ये आहे. एटीमेगा ३२८पी चिप, १६ मेगाहर्ट्झ, २ केबी रॅम, सगळं ५ व्होल्टवर. टाकी भरायला हे भरपूर झालं. २ केबीत एवढा विचार आरामात मावतो. पण त्याला वायफाय नाही, आणि जोडायला गेलं तर दुसरी चिप लागते जी त्याच्यापेक्षा ताकदवान असते. नोकरापेक्षा निरोप्याच हुशार, अशी गत.

रास्पबेरी पाय ४ माझ्याकडे आधीपासून आहे. त्यावर होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, चालतं, पडदा देखणा, दिवाळीला पाहुण्यांना दाखवता येईल असा. मात्र तो पूर्ण संगणक आहे. उठायला पाऊण मिनिट घेतो, आणि एसडी कार्डावर लिहिणं चालू असताना लाईट गेली तर कार्ड खराब होऊ शकतं. कराडला उन्हाळ्यात लाईट कितीदा जाते ते मोजायची गरज नाही.

नोडएमसीयू, म्हणजे ईएसपी८२६६ चिपचा बोर्ड. अडीचशे रुपयांच्या आसपास, वायफाय आतच. अॅनालॉग पिन एकच, बाकीच्या पिनांचे नखरे पुढे बघू. आणि ईएसपी३२, त्याचा थोरला भाऊ: दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, शंभर-दोनशे रुपये जास्त.

पाचवा उमेदवार, कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर म्हणजे पीएलसी, माझ्या चाकणच्या मित्राने फोनवरून उभा केला. "पीएलसी लाव, वीस वर्षं बघायला नको." तो रोज तेच करतो, आणि त्याचं बरोबर आहे. २४ व्होल्टचे इनपुट, पेटीतल्या डीन रेलच्या पट्टीवर बसतो, कचऱ्याने-उकाड्याने हलत नाही. शिवाय कराडजवळ तासवडे एमआयडीसी आहे. उद्या मी नसलो तर तिथे पीएलसीवाला माणूस सापडेल, ईएसपीवाला सापडेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. हा मुद्दा माझ्या विरोधात जातो, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतोय. किंमत, केबल आणि सॉफ्टवेअर यांचा हिशोब केला आणि पीएलसी बाजूला ठेवला. मन मात्र पूर्ण साफ नाही.

तयार स्मार्ट स्विच विचारातच घेतले नाहीत. परदेशातल्या सर्व्हरला विचारून ओट्यावरचा दिवा लागणार असेल तर वहीचं पहिलं पान फाडावं लागेल. होम असिस्टंट २०१३ पासून आहे, घरातल्या घरात चालतं, आणि गेल्याच शनिवारी, २० एप्रिलला, ते आणि ईएसपी चिपांसाठीचं ईएसपीहोम दोन्ही ओपन होम फाउंडेशन नावाच्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेले. त्यामुळे उद्या कोणी कंपनी विकली आणि घर बंद पडलं, ही भीती जरा कमी.

७ मे, मंगळवार. कराड

मतदानासाठी आलो. बोटावरची शाई वाळायच्या आत टेबलावर पसारा मांडला. मोटारीच्या जागी ६० वॅटचा बल्ब, रिले मॉड्यूल (कंट्रोलरच्या हुकमावर लागणारा-सुटणारा स्विच), आणि एक वेगळा एमसीबी. परीक्षा एकच: लाईट गेल्यासारखा एमसीबी पाडायचा, उचलायचा, आणि ऐकायचं. वीस वेळा.

नोडएमसीयू, रिले डी४ पिनवर. एमसीबी उचलला की टक्-टक्, बल्ब फडफडतो, मग शांत. वीसपैकी वीस वेळा. बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "याला उचकी लागलीय का?" डी४ म्हणजे जीपीआयओ २. चिप उठताना स्वतःच्या उठण्याची हकीकत त्या पिनवर बडबडते, आणि रिलेला ती हुकूम वाटते. बल्बला चालेल. मोटारीला दर वेळी लाईट आली की असा हिसका देणं म्हणजे कपॅसिटरशी वैर. तारा डी१वर हलवल्या, वीस वेळा पाडलं, एकदाही आवाज नाही.

मग निर्धास्त पिना मोजल्या: डी१, डी२, डी५, डी६, डी७. मला चार रिले आणि तीन फ्लोट (पाण्यावर तरंगणारे स्विच), म्हणजे सात पिना. नोडएमसीयूची गोष्ट इथे संपली. बिचाऱ्याने काही वाईट केलं नव्हतं.

रास्पबेरी पायला थेट रिले जोडून त्याचाही एमसीबी पाडला, पण दोनदाच. दोन्ही वेळा तो नीट उठला. तिसऱ्यांदा पाडायला हात धजला नाही, आणि माझ्या मते पायविषयीचा निकाल तोच आहे. जे यंत्र बंद करायला मी घाबरतो ते बाबांच्या मोटारीवर बसवणार नाही.

ठरलं: मोटारीचे सगळे निर्णय ईएसपी३२ घेईल, त्यात ईएसपीहोम. पाय फक्त बघ्या.

१९ मे, रविवार. पुणे

आज दिवसभर मूर्ख बनलो. वरच्या टाकीचा फ्लोट ईएसपी३२च्या ३४ नंबरच्या पिनला जोडला होता. पडद्यावर टाकी भरायची, रिकामी व्हायची, परत भरायची. टेबलावर टाकी नाही, पाणी नाही, फ्लोटची वायर कोरडी लोंबतेय. हात जवळ नेला की टाकी भरली. बायकोने दुरून हात हलवला तरी भरली, असं तिचं म्हणणं. मी ते मान्य केलेलं नाही.

३४, ३५, ३६ आणि ३९ या पिना फक्त इनपुटच्या, आणि त्यांना आतून पुल-अप, म्हणजे पिनला एका व्होल्टेजवर धरून ठेवणारा रेझिस्टर, नाही. पिन अधांतरी राहते आणि हवेतलं काहीही पकडते. फ्लोट ३२ आणि ३३वर आणले. शिवाय १४ मीटरच्या केबलला आतल्या अशक्त पुल-अपवर सोडायचं नाही म्हणून बाहेरून २.२ केचा रेझिस्टर ३.३ व्होल्टला, आणि पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. प्रोग्राममध्ये पाच सेकंदांची थांब. पाण्यावर लाट आली म्हणून मोटारीने दचकायला नको. गच्चीवरून येणाऱ्या तारेसाठी पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडातून पुढे देतो, तार थेट जोडत नाही) टाकला, कारण वळवाच्या पावसात कडकड झाली की एवढी लांब तार अँटेनाच होते. १२ नंबरची पिन रिकामी सोडली. ती उठताना वर ओढली गेली तर चिप फ्लॅशला, म्हणजे प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीला, चुकीचं व्होल्टेज देते आणि उठतच नाही.

रिले मॉड्यूलवरचा, दोन्ही बाजूंचा वीजपुरवठा जोडणारा जेडी-व्हीसीसीचा जंपर काढला. रिलेच्या कॉइलला ५ व्होल्ट, ऑप्टोच्या बाजूला ३.३. जंपर तसाच ठेवला तर ३.३ व्होल्टचं "बंद" ५ व्होल्टच्या मॉड्यूलला पुरतं बंद वाटेलच असं नाही.

२६ मे, रविवार. कराड

काल आणि आज बसवणं. वायरमन काका मुख्य, मी हाताखाली.

मॉड्यूलवरच्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि मोटार ५.८ घेते, म्हणून थेट जोडायचा मोह होतो. मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. त्या ठिणगीत कॉन्टॅक्ट चिकटला तर प्रोग्राम "बंद" म्हणत राहतो आणि मोटार चालू राहते. म्हणून रिले फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठ्या करंटसाठीच्या दणकट स्विचची, कॉइल चालवतो, मोटार कॉन्टॅक्टर चालवतो. पहिल्याच चाचणीत कॉन्टॅक्टर सुटला की ईएसपी३२ परत पहिल्यापासून उठायचा. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, हिसका शमवणारा स्नबर लावला, थांबलं.

पेटीच्या दारावर तीन जागांचा सिलेक्टर: ऑटो, बंद, हात. "हात"वर फेज थेट कॉइलला जातो, कंट्रोलरला विचारत नाही. खालच्या टाकीतला फ्लोट कॉइलच्या वाटेत सिरीजमध्ये, म्हणजे ऑटो असो वा हात, खाली पाणी नसेल तर मोटार लागतच नाही. हे काकांच्या डोक्यातून आलं. मी तोही फ्लोट ईएसपीला जोडणार होतो. ते म्हणाले, "पाणी नाही हे मोटारीला कळायला मधे दलाल कशाला?"

प्रोग्राम: लाईट आल्यावर सगळे रिले आधी बंद, दोन मिनिटं थांबून मग विचार. आणि एका दमात ३५ मिनिटांवर मोटार चालली तर काहीतरी चुकलंय असं धरून बंद.

९ जून, रविवार. कराड

दिवे. यात नवीन काही नाही, जुनी टू-वेची पद्धत, एक दिवा दोन बटणांवर. भिंतीवरचं बटण टू-वेचं घातलं, दुसऱ्या टू-वेच्या जागी रिलेची कॉमन, एनओ, एनसी ही तीन टोकं. कंट्रोलर पेटीतून काढून हातात धरला आणि आईला जिन्यातला दिवा लावायला सांगितलं. लागला. तिने तीनदा लावला-विझवला, "ठीक आहे" म्हणून पोळ्या लाटायला गेली.

पाय इन्व्हर्टरच्या लाईनवर, कपाटावर. होम असिस्टंटवर टाकीचं चित्र, मोटारीच्या वेळा. पुण्याहून दिसतंय. बाबांनी पहिला आठवडा तरीही पाच-वीसला उठून पेटीसमोर खुर्ची टाकून पहारा दिला. आता म्हणे प्रीतिसंगमावर फिरायला जायला लागलेत, कित्येक वर्षांनी.

१८ जून, मंगळवार. पुणे

सकाळी सहा-पन्नासला आईचा फोन. गच्चीच्या पन्हाळीतून पाणी धो-धो, शेजारच्या काकूंनी हाक मारली, बाबा फिरायला गेलेले. "मी पेटीवरचं ते मधलं फिरवलं, बंदवर. थांबलं." मोबाईलवर होम असिस्टंट उघडायचा प्रयत्न केला. उघडत नाही.

२२ जून, शनिवार. कराड

सकाळी सातपासून पेटीसमोर.

वर जाऊन पाहिलं. फ्लोटची वायर येणाऱ्या पाईपच्या मागे अडकलेली, फ्लोट वर यायलाच तयार नाही. बांधणी माझीच होती. पण फ्लोट अडकेल हे गृहीत धरूनच तर ३५ मिनिटांची मर्यादा घातली होती. ती का लागली नाही?

पाय मेलेला. १५ तारखेला संध्याकाळी वादळात लाईट चार-पाच वेळा आली-गेली, तेव्हापासून एसडी कार्ड वाचलं जात नाही. इन्व्हर्टर मागच्या बटणावर यूपीएस मोडमध्ये नव्हता, बदलताना तेवढा हिसका पुरला असणार. म्हणजे मोटारीच्या वेळांची नोंद गेली, कारण नोंद पायवरच होती. ठीक. पाय बघ्याच होता, त्याच्यावाचून काही अडायला नको होतं.

आई भाजी निवडत शेजारी बसली होती. म्हणाली, "रविवारपासून मोटार मधेच थांबायची, परत लागायची. मला वाटलं तू तसंच केलंयस."

ईएसपीचं स्वतःचं छोटं वेबपान लॅपटॉपवर उघडलं. त्यात चिप उठून किती वेळ झाला ते दिसतं. अकरा मिनिटं. लाईट तर पहाटेपासून आहे. नुसता बघत बसलो. बारा, तेरा, चौदा. पेटीत सगळे रिले एकदम सुटल्याचा आवाज आला आणि आकडा शून्यावर.

ईएसपीहोममध्ये एपीआयला, म्हणजे होम असिस्टंटशी बोलण्याच्या वाटेला, रिबूट टाइमआउट असतो, मूळ किंमत १५ मिनिटं. तेवढ्या वेळात होम असिस्टंट जोडलं गेलं नाही तर चिप समजते आपलंच काहीतरी अडकलंय, आणि स्वतःला परत सुरू करते. वायफायलाही तसाच १५ मिनिटांचा. कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, मी वाचलंही होतं. पाय मेल्यापासून चिप दर पंधरा मिनिटांनी मरून उठत होती. उठली की ३५ मिनिटांचा काटा शून्यापासून. पंधराच्या उड्या मारत पस्तीसला कोणी पोचत नाही. फ्लोट अडकला तेव्हा मर्यादा कागदावरच होती.

बघ्या म्हणून बसवलेल्याच्या हातात मी मोटारीची दोरी दिली होती, आणि मलाच माहीत नव्हतं.

दुरुस्त्या. दोन्ही टाइमआउट शून्य सेकंद, म्हणजे कायमचे बंद. मोटारीची चाललेली मिनिटं फ्लॅशमध्ये साठतात, वरचा फ्लोट "भरली" म्हणाला तरच शून्य होतात. चिप मधे कितीदा का उठेना. आणि वरच्या टाकीत दुसरा फ्लोट, पहिल्याच्या चार बोटं वर, थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत. दलाल नाही. केबलमध्ये दोन तारा मोकळ्या होत्या त्या वापरणार होतो. काकांनी डोळे वटारले: सिग्नल आणि २३० एका पाईपात नाही. वेगळा पाईप, वेगळी केबल, अर्धा दिवस जास्त. फ्लोटच्या वायरी पाईपपासून लांब, वजन बांधून सरळ सोडल्या.

२३ जून, रविवार. कराड

नवीन परीक्षा. पायची पिन सकाळी आठला काढली, राउटरची नऊला. रात्री आठपर्यंत दोन्ही बंद. मोटार दोनदा लागली, दोनदा बंद झाली, उठल्याचा आकडा सरळ चढत राहिला. फ्लोट हाताने दाबून धरला, पस्तिसाव्या मिनिटाला मोटार बंद. परत तेच, पण विसाव्या मिनिटाला एमसीबी पाडून उचलला. उठून दोन मिनिटं थांबली, मोटार लागली, आणि आणखी पंधरा मिनिटांनी बंद. यावेळी ऐकायला आईही होती.

पाय एसडी कार्डाऐवजी यूएसबीच्या एसएसडीवरून चालू केला, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर.

चाकणच्या मित्राला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, "पीएलसी."

२१ जुलै, रविवार. पुणे

महिनाभर नोंद करण्यासारखं काही नाही. एक जादा ईएसपी३२ तोच प्रोग्राम भरून पेटीत आतल्या बाजूला चिकटवून ठेवलाय, वरती कागद: कुठली तार कुठे. वायरमन काकांना एकदा बदलून दाखवलं, नंतर त्यांनी मला बदलून दाखवलं, सात मिनिटांत.

७ सप्टेंबर, शनिवार. कराड

गणपती बसले. आरासीचे दिवे कंट्रोलरला जोडू का विचारलं, आई म्हणाली नको.

दुपारी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. प्रत्येक चौकोनात बाबांच्या बारीक अक्षरात दोन वेळा. जूनच्या शेवटापासून रोज. फिरून आल्यावर पायच्या पडद्यावरून मोटार लागली कधी, बंद कधी हे उतरवून काढतात. मी म्हटलं, बाबा हे सगळं त्यात साठतंच. ते म्हणाले, "साठतं. बघतं कोण?" आणि चष्मा लावून बोट ठेवलं. जुलैत चोवीस मिनिटं, पंचवीस. पंधरा ऑगस्टला सत्तावीस. काल एकतीस.

माझ्याकडे हाच आलेख मोबाईलवर अडीच महिने पडून होता. पावसाचं गढूळ पाणी, खालच्या टाकीत गाळ, पाणी ओढणाऱ्या पाईपच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हची जाळी चोंदत चालली असणार. आणखी चार मिनिटं वाढली की पस्तीसची मर्यादा लागेल आणि टाकी अर्धवट राहील. उद्या सकाळी पाणी यायच्या आत खालची टाकी उपसून जाळी काढायची. बाबांनी बादली आणि दोर आत्ताच काढून ठेवलेत.